डब्ल्यूजी वर्गाचे वाफेचे मालवाहू इंजिन : रचना, तांत्रिक वैशिष्ट्ये आणि स्वातंत्र्योत्तर रेल्वे धोरण

सारांश

स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गांवरील मालवाहतुकीचा मोठा भार डब्ल्यूजी वर्गाच्या वाफेच्या इंजिनांनी वाहिला. १९५० ते १९७० या काळात या वर्गाची सुमारे २,४५० इंजिने तयार झाली. प्रस्तुत शोधनिबंधात या इंजिनाच्या रचनेमागील कारणे, त्याची प्रमुख तांत्रिक परिमाणे, चित्तरंजन येथील उत्पादनाची पार्श्वभूमी आणि वाफेच्या शक्तीवर विसंबून राहण्याच्या निर्णयाचे परिणाम यांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. हलक्या प्रतीचा कोळसा, मर्यादित आसभार आणि परकीय चलनाची टंचाई या तीन वास्तवांना या इंजिनाची रचना हे एकत्रित उत्तर होते. या उत्तराची किंमत मात्र इंजिनावर काम करणाऱ्या कामगारांना मोजावी लागली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : वाफेचे इंजिन, मालवाहतूक, प्रमाणीकरण, चित्तरंजन, कोळसा, स्वावलंबन.

प्रस्तावना

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. भारतीय रेल्वेचा इतिहास सांगताना ही घटना, घाटातील बोगदे आणि भव्य स्थानके यांचा उल्लेख हमखास येतो. तथापि रेल्वेच्या उत्पन्नाचा आणि देशाच्या अर्थव्यवहाराचा खरा कणा मालगाडी हाच राहिला आहे. कोळसा, लोखंडाचे खनिज, धान्य, सिमेंट आणि खते यांची ने-आण कोणत्या इंजिनांनी केली, ती इंजिने तशीच का घडविली गेली आणि त्यांच्या घडणीतून शासनाचे धोरण कसे व्यक्त झाले, या प्रश्नांकडे मराठीतील इतिहासलेखनाने फारसे लक्ष दिलेले नाही.

यंत्र ही इतिहासाची साधनसामग्री असते. एखाद्या इंजिनाच्या चाकाचा व्यास, बॉयलरमधील दाब किंवा कोळसा जळणाऱ्या जाळीचे क्षेत्रफळ हे आकडे केवळ अभियंत्याच्या उपयोगाचे नसतात. त्या काळातील खाणी, रूळ, कारखाने आणि मनुष्यबळ यांची स्थिती त्या आकड्यांत नोंदलेली असते. या भूमिकेतून प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे निश्चित केली आहेत.

१. डब्ल्यूजी वर्गाच्या निर्मितीची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२. या इंजिनाच्या प्रमुख तांत्रिक परिमाणांचा परस्परसंबंध समजून घेणे.
३. देशी इंजिन उत्पादनाच्या प्रयत्नांत या वर्गाचे स्थान निश्चित करणे.
४. वाफेच्या इंजिनांवर भर देण्याच्या धोरणाचे मूल्यमापन करणे.

अभ्यासासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

पूर्वपीठिका : कंपन्यांची विविधता आणि प्रमाणीकरणाचे प्रयत्न

एकोणिसाव्या शतकात भारतातील रेल्वे वेगवेगळ्या कंपन्यांनी बांधली व चालविली. प्रत्येक कंपनीचे अभियंते, सल्लागार आणि इंग्लंडमधील पुरवठादार निराळे होते. परिणामी एकाच कामासाठी निरनिराळ्या घडणीची इंजिने देशभर धावू लागली. एका कंपनीचा सुटा भाग दुसरीच्या इंजिनाला बसत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी काही प्रमाणित नमुने ठरविण्यात आले. परंतु या दिशेने व्यापक प्रयत्न झाला तो १९२४ मध्ये इंजिन प्रमाणक समिती नेमली गेल्यानंतर. या समितीच्या कामातून 'एक्स' अक्षराने सुरू होणारे ब्रॉडगेज वर्ग सिद्ध झाले. त्यांपैकी एक्सए, एक्सबी व एक्ससी हे प्रवासी गाड्यांसाठी, तर एक्सडी व एक्सई हे मालगाड्यांसाठी होते.

या नव्या वर्गांत फायरबॉक्स रुंद ठेवण्यात आला. त्यामागे स्वस्त आणि कमी प्रतीचा भारतीय कोळसा वापरता यावा हा हेतू होता. मालवाहू इंजिनांनी आपले काम चोख बजावले. प्रवासी वर्गांचा अनुभव मात्र कटू ठरला. वेगात असताना ही इंजिने बाजूला हेलकावे खात व रूळ सरकवीत, अशा तक्रारी होत्या. १७ जुलै १९३७ रोजी बिहारमधील बिहटा येथे एक्सबी वर्गाचे इंजिन जोडलेली गाडी रुळांवरून घसरली आणि शंभरहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर नेमलेल्या पॅसिफिक इंजिन समितीत ब्रिटनमधील नामांकित इंजिन अभियंता विल्यम स्टॅनियर यांचाही समावेश होता. इंजिनाचे स्प्रिंग, पुढील व मागील चाकांच्या गाड्यांवरील नियंत्रण आणि रुळांची स्थिती यांचा एकत्रित विचार केला पाहिजे, हा धडा या प्रकरणाने दिला. पुढील नमुने तयार करताना हा अनुभव अभियंत्यांच्या पाठीशी होता.

दुसऱ्या महायुद्धाने परिस्थिती अधिकच बिकट केली. भारतातील इंजिने, डबे व रूळ मध्यपूर्वेकडे पाठविण्यात आले. रेल्वेच्या कार्यशाळा युद्धसाहित्याच्या कामाला जुंपल्या गेल्या. जुनी इंजिने बदलण्याचे काम वर्षानुवर्षे तुंबले. युद्धाच्या उत्तरार्धात अमेरिका व कॅनडातून मोठ्या संख्येने मालवाहू इंजिने आली. त्यांची घडण साधी, सुटे भाग सहज हाती येणारे आणि देखभाल सोपी होती. भारतीय कार्यशाळांना हा साधेपणा भावला. १९४७ च्या फाळणीने इंजिनांची व कार्यशाळांची वाटणी झाली. लाहोरजवळील मुघलपुरा येथील मोठी कार्यशाळा पाकिस्तानात गेली. अशा अवस्थेत स्वतंत्र भारताच्या रेल्वेला नव्या इंजिनांची निकड भासत होती.

रचनेमागील तीन वास्तवे

डब्ल्यूजी या नावातील 'डब्ल्यू' हे अक्षर ब्रॉडगेजचे, तर 'जी' हे मालवाहतुकीचे निदर्शक आहे. त्याच्या आधी डब्ल्यूपी हा प्रवासी वर्ग सिद्ध झाला होता. त्याची पहिली १६ इंजिने अमेरिकेतील बाल्डविन कारखान्याने १९४७ मध्ये पुरविली. डब्ल्यूजीची आखणी करताना डब्ल्यूपीचे अनेक भाग कायम ठेवण्यात आले. एकाच साठ्यातील भाग दोन्ही वर्गांना वापरता यावेत, हा त्यामागील उद्देश होता. १९२४ च्या समितीला अभिप्रेत असलेले प्रमाणीकरण या टप्प्यावर अधिक पूर्णत्वास गेले.

रचनेचे पहिले वास्तव कोळशाचे होते. झरिया व राणीगंज येथील उत्तम कोळसा पोलाद उत्पादनासाठी राखून ठेवावा, असा विचार १९४६ च्या भारतीय कोळसा क्षेत्र समितीपासून बळावत गेला. १९५२ मध्ये कोळशाच्या संवर्धनासाठी स्वतंत्र कायदाही झाला. रेल्वे ही देशातील सर्वांत मोठी कोळसा ग्राहक असल्याने तिला हलक्या कोळशाकडे वळणे भाग होते. अशा कोळशात राखेचे प्रमाण अधिक असते. त्याची उष्णता कमी, म्हणून तो अधिक जाळावा लागतो; आणि अरुंद जाळीवर अधिक कोळसा जाळू गेल्यास राखेचे घट्ट खडे बनून हवेची वाट बंद होते. यावर उपाय म्हणजे जाळीचे क्षेत्रफळ वाढविणे. डब्ल्यूजीच्या जाळीचे क्षेत्रफळ सुमारे ४५ चौरस फूट ठेवण्यात आले.

एवढी मोठी जाळी मोठ्या चालकचाकांच्या मध्ये मावत नाही. ती त्यांच्या मागे न्यावी लागते आणि तिचा भार पेलण्यासाठी मागे लहान चाकांची जोडी द्यावी लागते. म्हणून डब्ल्यूजीची चाकरचना पुढे दोन लहान चाके, मध्ये आठ जोडलेली चालकचाके आणि मागे दोन लहान चाके अशी झाली. या रचनेला जगभर 'मिकाडो' म्हणतात. १८९७ मध्ये बाल्डविन कारखान्याने जपानमधील निप्पॉन रेल्वेसाठी अशी इंजिने बांधली, त्यावरून हे नाव रूढ झाले. तेथेही कारण हलक्या प्रतीचा कोळसा हेच होते, ही बाब लक्षणीय आहे. एक्सडी व एक्सई हे आधीचे वर्गही मिकाडोच होते.

दुसरे वास्तव रुळांचे होते. एक्सई हे इंजिन अतिशय शक्तिशाली होते. परंतु त्याचा आसभार, म्हणजे एका आसावरून रुळांवर पडणारा भार, सुमारे २२.५ टन होता. एवढा भार पेलणारे रूळ व पूल मोजक्याच मार्गांवर असल्याने ते सर्वत्र धावू शकत नव्हते. डब्ल्यूजीचा आसभार सुमारे १८.५ टनांवर मर्यादित ठेवण्यात आला. त्यामुळे देशातील बहुतेक मुख्य ब्रॉडगेज मार्ग या इंजिनाला खुले झाले.

तिसरे वास्तव आर्थिक होते. देशात खनिज तेलाचे उत्पादन अल्प होते, परकीय चलन दुर्मीळ होते आणि कोळसा मात्र आपल्या भूमीत होता. त्याचबरोबर वाफेच्या इंजिनाची दुरुस्ती जाणणारे कुशल कामगार परळ, जमालपूर, अजमेर यांसारख्या कार्यशाळांत पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले होते.

तांत्रिक परिमाणांचे विश्लेषण

डब्ल्यूजीला दोन्ही बाजूंस बाहेर एकेक सिलिंडर होता. सिलिंडरचा व्यास २१ ७/८ इंच आणि दट्ट्याची धाव २८ इंच होती. चालकचाकांचा व्यास ५ फूट १ १/२ इंच, म्हणजे ६१.५ इंच होता. बॉयलरमधील वाफेचा दाब दर चौरस इंचास २१० पौंड होता. वाफ अधिक तापविण्यासाठी सुपरहीटर होता आणि झडपांचे नियंत्रण वॉलशार्ट पद्धतीच्या यंत्रणेने होत असे. टेंडरसह भरलेल्या इंजिनाचे वजन सुमारे १७३ टन होते.

या आकड्यांवरून इंजिनाची ओढशक्ती काढता येते. वाफेच्या दाबाचा ८५ टक्के भाग प्रभावी धरून त्याला सिलिंडरच्या व्यासाच्या वर्गाने व दट्ट्याच्या धावेने गुणले आणि चाकाच्या व्यासाने भागले, की दोन सिलिंडरच्या इंजिनाची ओढशक्ती पौंडांत मिळते. या सूत्रानुसार डब्ल्यूजीची ओढशक्ती सुमारे ३८,८९० पौंड येते. तुलनेसाठी अन्य वर्गांचे आकडे उपयुक्त ठरतात. डब्ल्यूपीचा सिलिंडर २०.२५ इंच व्यासाचा आणि चाक ६७ इंचांचे होते. धाव व दाब सारखेच होते. त्याची ओढशक्ती सुमारे ३०,६०० पौंड भरते. म्हणजे दाब तोच ठेवून केवळ सिलिंडर रुंद आणि चाक लहान केल्याने मालवाहू इंजिनाला प्रवासी इंजिनापेक्षा सव्वापटीहून अधिक ओढ मिळाली. अर्थात लहान चाकामुळे वेग कमी झाला; मालगाडीला त्या काळी वेगाची फारशी आवश्यकताही नव्हती.

एक्सडीचा सिलिंडर २२.५ इंच व्यासाचा, म्हणजे डब्ल्यूजीहून मोठा होता. चाकही तेवढेच होते. परंतु त्याच्या बॉयलरचा दाब १८० पौंड असल्याने ओढशक्ती सुमारे ३५,२६० पौंडांवरच राहिली. एक्सईची ओढशक्ती मात्र ४८,०८५ पौंड होती. डब्ल्यूजी हा या दोहोंमधील पर्याय होता. सर्वांत शक्तिशाली इंजिन बनविण्याऐवजी सर्वत्र धावू शकणारे पुरेसे शक्तिशाली इंजिन बनविण्याचा निर्णय यात दिसतो.

ओढशक्ती कितीही असली तरी चाकांनी रूळ पकडला नाही तर ती वाया जाते व चाके जागच्या जागी फिरतात. डब्ल्यूजीच्या चार चालक आसांवर मिळून जास्तीत जास्त सुमारे ७४ टन भार येत असे. हा भार ओढशक्तीच्या सुमारे ४.२ पट होतो. वाफेच्या इंजिनांसाठी हे गुणोत्तर साधारणपणे चारच्या वर असावे असा संकेत होता. या कसोटीवर डब्ल्यूजी समाधानकारक ठरते. आसभाराची मर्यादा सांभाळून मिळू शकणारी जवळजवळ सर्व ओढ या इंजिनात मिळविली गेली होती, असे यावरून म्हणता येते.

प्रत्यक्ष कामाचा अंदाज पुढील स्थूल हिशेबाने येऊ शकतो. मंद वेगात गाडीचा विरोध दर टनास आठ पौंड धरला, तर १०० फुटांत एक फूट चढावर दर टनास एकूण सुमारे ३०.४ पौंड ओढ लागते. या चढावर इंजिनाचे स्वतःचे वजन वजा जाता डब्ल्यूजी तत्त्वतः सुमारे १,१०० टनांची गाडी ओढू शकते. हाच चढ ३७ फुटांत एक फूट झाला, तर हा आकडा सुमारे ३९० टनांपर्यंत घसरतो. बोरघाट आणि थळघाट येथील चढ नेमके याच तीव्रतेचे आहेत. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने हे दोन्ही घाट १९२९-३० मध्येच विजेवर का आणले, याचे उत्तर या हिशेबात मिळते. घाटांत विजेची मालवाहू इंजिने काम करीत. त्यांना त्यांच्या आकारावरून व चालीवरून 'खेकडा' हे मराठी नाव पडले. घाटमाथ्यापलीकडे इगतपुरी, मनमाड, भुसावळ आणि दौंड या दिशांना मात्र वाफेचे राज्य दीर्घकाळ टिकून होते. महाराष्ट्राच्या रेल्वे नकाशावर वीज आणि वाफ यांची ही सीमारेषा कित्येक दशके स्पष्टपणे दिसत होती.

चित्तरंजन आणि देशी उत्पादन

भारतात इंजिने बनविण्याचे प्रयत्न जुने आहेत. अजमेर येथील कार्यशाळेने १८९५ मध्ये इंजिन बांधले होते आणि जमालपूरनेही त्यानंतर अशी कामगिरी केली. तथापि ही कामे तुरळक राहिली. १९२१ मध्ये जमशेदपूर येथे स्थापन झालेल्या पेनिन्शुलर लोकोमोटिव्ह कंपनीला इंजिनांच्या मागण्या मिळाल्या नाहीत आणि अखेरीस तिचा कारखाना सरकारने घेतला. ब्रिटिश कारखान्यांना भारताची बाजारपेठ हवी होती, हे यामागील उघड कारण होय. १९४० च्या सुमारास हम्फ्रीज व श्रीनिवासन यांच्या अहवालाने देशात इंजिननिर्मिती शक्य असल्याचे दाखवून दिले; परंतु युद्धामुळे त्यावर कृती झाली नाही.

युद्धानंतर बंगालमध्ये कांचरापाड्याजवळ चांदमारी येथे कारखाना उभारण्याचा विचार होता. फाळणीमुळे ही जागा अयोग्य ठरली आणि बंगाल-बिहार सीमेवरील मिहिजाम येथील जागा निवडण्यात आली. २६ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे भारत प्रजासत्ताक झाले त्याच दिवशी, या कारखान्यात उत्पादनास आरंभ झाला. देशबंधू चित्तरंजन दास यांचे नाव कारखान्याला देण्यात आले. १ नोव्हेंबर १९५० रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिले इंजिन राष्ट्राला अर्पण झाले. हे ८४०१ क्रमांकाचे डब्ल्यूजी इंजिन होते आणि त्याचे नाव 'देशबंधू' असे ठेवले होते.

आरंभीच्या इंजिनांतील अनेक भाग परदेशातून येत असत. या वर्गाची सुरुवातीची इंजिने ग्लासगो येथील नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीने पुरविली होती. वाढत्या वाहतुकीला चित्तरंजनचे उत्पादन अपुरे पडत असल्याने अमेरिका, युरोप व जपानमधील कारखान्यांनाही मागण्या देण्यात आल्या. बाल्डविन कारखान्याने १९५० च्या दशकाच्या मध्यात पुरविलेली ५० डब्ल्यूजी इंजिने ही त्याच्या वाफेच्या इंजिनांच्या दीर्घ परंपरेतील अखेरची ठरली. नॉर्थ ब्रिटिश कंपनीही १९६२ मध्ये बंद पडली. ज्या पाश्चात्त्य कारखान्यांकडून भारताने ही विद्या घेतली, ते कारखाने मावळत असतानाच चित्तरंजन उभे राहत होते.

या प्रयत्नांचे फलित आकडेवारीत दिसते. १९५०-५१ मध्ये रेल्वेकडे वाफेची ८,१२० इंजिने होती. १९६०-६१ मध्ये ही संख्या १०,३१२ झाली. त्याच दशकात रेल्वेने वाहिलेला माल ९.३ कोटी टनांवरून १५.६ कोटी टनांपर्यंत गेला आणि टन-किलोमीटरांत मोजलेली मालवाहतूक सुमारे दुप्पट झाली. १९६०-६१ मध्ये डिझेलची १८१ व विजेची १३१ इंजिने असल्याने ही वाढ मुख्यतः वाफेच्या बळावर झाली, हे निर्विवाद आहे. भिलाई, राउरकेला व दुर्गापूर येथील पोलाद कारखान्यांच्या उभारणीचा हाच काळ होय. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतील अवजड उद्योगांचा विचार करताना त्यांना कोळसा व खनिज पोहोचविणाऱ्या इंजिनांची दखल घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

श्रमाचा प्रश्न

तांत्रिक तक्त्यांत न दिसणारी एक बाब येथे विचारात घ्यावी लागते. डब्ल्यूजीमध्ये कोळसा हाताने, फावड्याने टाकला जाई. पूर्ण ताकदीने काम करताना जाळीच्या दर चौरस फुटास तासाला ८० पौंड कोळसा जळतो असे धरले, तर ४५ चौरस फुटांच्या जाळीस तासाला ३,६०० पौंड, म्हणजे दीड टनाहून अधिक कोळसा लागतो. त्यात एकचतुर्थांश राख असेल, तर तासाला सुमारे ९०० पौंड राख जाळीवर साठते. ती हलविणे, खडे फोडणे आणि आग समान पसरविणे हे काम वेगळेच. म्हणून भारतीय इंजिनांवर ड्रायव्हरसोबत सामान्यतः दोन फायरमन असत. एक कोळसा टाकी, तर दुसरा टेंडरमधील कोळसा फोडून पुढे ओढी. जुन्या रेल्वे बोलीत अशा कामगारास 'आगवाला' म्हणत.

हलका कोळसा वापरल्याने पोलादासाठी उत्तम कोळसा वाचला, हे राष्ट्रीय हिताचे होते. परंतु त्या बचतीचा अर्थ इंजिनाच्या पायरीवर वेगळा होता. उष्णता कमी म्हणजे फावडी अधिक आणि राख जास्त म्हणजे सफाई अधिक. विदर्भ-खानदेशातील उन्हाळ्यात, उघड्या कॅबमध्ये, फायरबॉक्सच्या दारासमोर हे काम करावे लागे. मालगाडीला प्रवासी गाडीसाठी बाजूच्या मार्गावर तासन्‌तास थांबावे लागत असल्याने कामाची पाळी कोठे संपेल याचाही नेम नसे. १९७३ मध्ये इंजिनावरील कर्मचाऱ्यांनी संप केले तेव्हा त्यांची प्रमुख मागणी कामाचे तास मर्यादित करण्याची होती आणि दहा तासांच्या पाळीचे तत्त्व शासनाने मान्य केले. १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपाची पार्श्वभूमीही अशा दीर्घकालीन असंतोषातून घडली होती. सारे दोष एका इंजिनाच्या रचनेवर टाकणे योग्य होणार नाही. परंतु रचनेचा आणि श्रमाचा संबंध दुर्लक्षिता येत नाही.

धोरणाचे मूल्यमापन

डब्ल्यूजीवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप कालबाह्यतेचा आहे. वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेच्या जेमतेम सहा ते आठ टक्के उष्णतेचे ओढीत रूपांतर करते. डिझेल इंजिनाची कार्यक्षमता याच्या कित्येक पट असते. अमेरिकेतील रेल्वे १९५० च्या दशकात डिझेलकडे वळली होती. ब्रिटनने वाफेचे अखेरचे इंजिन १९६० मध्ये बांधले. भारतात मात्र डब्ल्यूजीचे उत्पादन १९७० पर्यंत चालले. जून १९७० मध्ये तयार झालेल्या १०५६० क्रमांकाच्या इंजिनास 'अंतिम सितारा' हे नाव देण्यात आले. १९७२ मध्ये मीटरगेजच्या एका इंजिनाने चित्तरंजनमधील वाफेच्या उत्पादनाची सांगता झाली. तोपर्यंत तेथे वाफेची २,३५१ इंजिने तयार झाली होती.

हा आक्षेप पूर्णतः ग्राह्य धरता येत नाही. कार्यक्षमता ही एकच कसोटी नसते. इंधन कोठून येते, यंत्र कोण बनविते आणि कोण दुरुस्त करते हेही पाहावे लागते. १९५० मध्ये डिझेल इंजिन आणि त्याचे तेल दोन्ही आयात करावे लागले असते. शिवाय शासनाने वाफेशी स्वतःला कायमचे बांधून घेतले नव्हते. ज्या चित्तरंजनमधून 'देशबंधू' निघाले, तेथूनच १४ ऑक्टोबर १९६१ रोजी 'लोकमान्य' हे विजेचे पहिले देशी इंजिन पंडित नेहरूंच्या हस्ते सेवेत दाखल झाले. लोकमान्य टिळकांचे नाव धारण करणारे हे इंजिन मुंबई परिसरातील १,५०० व्होल्ट विद्युतमार्गांसाठी होते. वाफेच्या इंजिनावर घडलेला कारखाना आणि कामगारवर्ग हाच या पुढील पावलाचा पाया ठरला.

तथापि आक्षेपातील काही भाग स्वीकारावाच लागतो. १९६२ पासून डब्ल्यूडीएम-२ वर्गाची २,६०० अश्वशक्तीची डिझेल इंजिने अमेरिकेतून येऊ लागली आणि १९६४ पासून वाराणसी येथे त्यांची निर्मिती होऊ लागली. यानंतरही आठ वर्षे वाफेची नवी इंजिने बांधली गेली. वाफेच्या इंजिनाचे आयुष्य साधारणपणे चाळीस वर्षे धरले जात असे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बांधलेल्या इंजिनांना ते पूर्ण करता आले नाही. ब्रॉडगेजवरील वाफेची नियमित सेवा १९९५ मध्ये संपली, म्हणजे 'अंतिम सितारा' जेमतेम पंचवीस वर्षांचे असताना हा वर्ग इतिहासजमा झाला. पहिल्या दशकातील उत्पादनाचे समर्थन जितके भक्कम आहे, तितके अखेरच्या वर्षांतील उत्पादनाचे करता येत नाही. १९७३ च्या तेलसंकटाने कोळशावरील इंजिनांची उपयुक्तता काही काळ वाढविली हे खरे. पण तो योगायोग होता, नियोजनाचा भाग नव्हता.

निष्कर्ष

१. डब्ल्यूजीची रुंद जाळी व मिकाडो चाकरचना हलक्या कोळशामुळे, तर १८.५ टनांचा आसभार उपलब्ध रुळांमुळे निश्चित झाला. ही रचना परदेशी नमुन्यांचे अनुकरण नसून भारतीय परिस्थितीला दिलेले विचारपूर्वक उत्तर होती.

२. डब्ल्यूपी व डब्ल्यूजी यांच्यातील समान भागांमुळे प्रमाणीकरणाचे उद्दिष्ट मोठ्या प्रमाणावर साध्य झाले.

३. १९५० ते १९६० या दशकातील मालवाहतुकीची वाढ प्रामुख्याने वाफेच्या बळावर झाली आणि चित्तरंजनमधील अनुभव विजेच्या इंजिनांच्या देशी उत्पादनास साहाय्यभूत ठरला.

४. १९६४ नंतरचे वाफेचे उत्पादन मात्र दूरदृष्टीचे नव्हते, असे म्हणावे लागते.

५. हलक्या कोळशामुळे झालेल्या राष्ट्रीय बचतीचा भार फायरमन व अन्य कामगारांच्या अंगमेहनतीवर पडला. या घटकाची नोंद तांत्रिक तक्त्यांत नाही, म्हणून ती इतिहासाने घ्यावयास हवी.

आज काही डब्ल्यूजी इंजिने जतन केलेली आहेत. त्यांच्याशेजारी लावलेल्या फलकांवर सिलिंडरचा व्यास, चाकाचा व्यास व वजन लिहिलेले आढळते. कोणता कोळसा कोणासाठी राखला गेला आणि उरलेला कोळसा कोणी जाळला, हे त्याच आकड्यांतून वाचता येते. भुसावळ, मनमाड, दौंड यांसारख्या रेल्वेगावांतील निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आठवणी, कामाच्या नोंदवह्या आणि कार्यशाळांतील कागदपत्रे यांचे संकलन वेळीच झाले, तर या इतिहासाची दुसरी बाजू अधिक स्पष्ट होऊ शकेल. त्या पिढीचे वय पाहता हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.